फक्त सभासदांसाठी

पूर्व द्रुतगती महामार्ग माजिवड्याला पोहोचला की रस्ता फुटतो. एक फाटा नाशिककडे जातो, दुसरा कापूरबावडीवरून घोडबंदरकडे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इथल्या जुन्या गावठाणाभोवती जे मनोरे उभे राहिले, त्यांच्या माहितीपुस्तिकेत घराच्या क्षेत्रफळाइतकीच जागा क्लब हाउसने व्यापलेली असते. जलतरण तलाव, व्यायामशाळा, छोटं नाट्यगृह, मुलांसाठी खेळघर, आणि सगळीकडे एकच आश्वासन : हे फक्त इथल्या रहिवाशांसाठी. याच घरांमधली जोडपी शनिवार-रविवारी मॉलमध्ये गेली की त्यांना दुसऱ्या एका क्लबचं आमंत्रण मिळतं. नाव आणि फोन नंबर लिहून कूपन पेटीत टाका, म्हणतात. चार दिवसांनी फोन येतो की तुम्हाला बक्षीस लागलं आहे, दोघांनी मिळून या, जेवण आमच्याकडे. तिथे दोन-तीन तास पडद्यावर समुद्रकिनारे, डोंगरातली रिसॉर्ट आणि परदेशातल्या सहली दाखवल्या जातात, आणि शेवटी पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या आजच्या भावात विकत घेण्याचा करार पुढे सरकवला जातो. पहिल्या क्लबचं आश्वासन आज कायद्याने बांधलेलं आहे. दुसऱ्याचं तसं बांधलेलं नाही. माझ्या मते टाइमशेअर विकत घेणाऱ्याला सगळ्यात महागात पडतो तो हा फरक, आणि तो समजून घ्यायला जगातल्या मनोरंजन उद्यानांमधल्या ‘फक्त सभासदांसाठी’ असलेल्या लाउंजइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

टाइमशेअरची मूळ कल्पना साधी आणि खरं तर चांगली आहे. सुट्टीतलं घर वर्षातला बहुतेक काळ रिकामं पडतं, मग एकट्याने ते का घ्यावं? बावन्न आठवडे बावन्न कुटुंबांनी वाटून घ्यावेत. युरोपात १९६०च्या दशकात ही कल्पना धंद्यात उतरली. स्वित्झर्लंडमधली हापिमाग ही कंपनी १९६३ची. अमेरिकेत १९७४ साली आरसीआय ही अदलाबदल करून देणारी कंपनी निघाली, आणि आपला आठवडा देऊन दुसऱ्याच्या गावातला आठवडा घेता येऊ लागला. भारतात स्टर्लिंगने १९८६ मध्ये आणि महिंद्राने १९९६ मध्ये या व्यवसायात पाऊल टाकलं. मात्र आपल्याकडे येताना मूळ कल्पनेतला एक धागा बहुतांशी सुटला. आपल्याकडे जे विकलं जातं ती मालकी नसून सभासदत्व असतं. ठरलेल्या वर्षांपर्यंत, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या आकाराची खोली, तीही उपलब्ध असेल तर, वापरण्याचा हक्क. त्याचं खरेदीखत होत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंद होत नाही, सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर नाव चढत नाही. विक्रीच्या टेबलावर मात्र ‘तुमचं स्वतःचं’ हे शब्द वारंवार कानावर पडतात.

आता लाउंजकडे येऊ. डिस्नीने आपली टाइमशेअर योजना, डिस्नी व्हेकेशन क्लब, १९९१ साली फ्लोरिडात सुरू केली. ती गुणांवर चालते : सभासद दरवर्षी मिळणारे गुण खर्च करून उद्यानाजवळच्या निवासात राहतो. २०१६ मध्ये या सभासदांसाठी एपकॉट उद्यानातल्या इमॅजिनेशन दालनाच्या वरच्या मजल्यावर एक लाउंज उघडण्यात आलं. आत आहे काय? बसायला सोफे, फुकट शीतपेयं, फोन चार्ज करण्याची सोय, स्वच्छतागृह, मुलांना टेकायला जागा आणि काचेच्या पिरॅमिडांमधून दिसणारं उद्यान. कागदावर हे किरकोळ वाटेल. पण फ्लोरिडाचा उन्हाळा ठाण्याच्या मे महिन्यासारखाच दमट असतो, आणि पाळणे-झोके-मिरवणुका यांच्यामागे सकाळपासून फिरलेल्या कुटुंबाला दुपारी दोन वाजता गार हवेत पाय पसरता येणं ही फार मोठी गोष्ट असते. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्येही पुढे असंच सभासदांचं लाउंज झालं. या सोयीला मी अजिबात कमी लेखत नाही. म्हाताऱ्या आईला किंवा दोन वर्षांच्या मुलाला घेऊन उद्यानात गेलेल्या कोणालाही तिचं मोल सांगावं लागत नाही.

प्रश्न आहे ही सोय कोणाच्या मालकीची, हा. अमेरिकेत डिस्नीचा सभासद खरोखर मालक असतो, आपल्याकडच्यासारखा नुसता वापरकर्ता नव्हे. त्याच्याकडे त्या निवासातल्या अंशाचं नोंदणीकृत खत असतं, त्याला मुदत असते (पहिल्या काही निवासांची २०४२ पर्यंतची), आणि तो ते दुसऱ्याला विकूही शकतो. असं असूनही ४ एप्रिल २०१६ नंतर ज्याने हे खत कंपनीकडून न घेता जुन्या सभासदाकडून विकत घेतलं, त्याला लाउंजमध्ये प्रवेश नाही. सवलतीची तिकिटं, खास कार्यक्रम आणि असे इतर जादा फायदेही त्याला नाहीत. खत तेच, इमारत तीच, वार्षिक वर्गणीही तीच. राहण्याचा हक्क नव्या मालकाकडे गेला, लाउंज गेलं नाही. पुढच्या वर्षांत कंपनीने थेट खरेदीचीही किमान मर्यादा घातली आणि ती टप्प्याटप्प्याने वाढवली. यात काही लपवाछपवी नव्हती, कारण हे फायदे बदलले किंवा बंद केले जाऊ शकतात, असं कंपनीच्या कागदांत लिहिलेलं असतं. या एका नियमाने सगळं उघड होतं. खतात आहे तो हक्क, आणि तो कंपनीला काढून घेता येत नाही. लाउंज ही मर्जी आहे, आणि ती कंपनीने नवी विक्री वाढवण्यासाठी हातात राखून ठेवली आहे. जुन्या सभासदाने पुनर्विक्रीला काढलेल्या हिश्शाची किंमत त्यामुळे पडते, कारण घेणाऱ्याला अर्धवट वस्तू मिळते. म्हणजे जी सोय दाखवून कंपनीने त्याला गिऱ्हाईक केलं, तीच सोय तो बाहेर पडू लागला की त्याच्या विरोधात उभी राहते.

यापेक्षा खोलवरची एक अडचण आहे, आणि ती कोणत्याही कंपनीच्या हेतूवर अवलंबून नाही. फ्रेड हर्श या अर्थतज्ज्ञाने १९७६ साली मांडलं होतं की काही वस्तूंचं मोल त्या इतरांकडे नसण्यातच असतं. सगळ्यांना मिळाल्या की त्या कोणालाच मिळत नाहीत. लाउंज ही तशी वस्तू. तिचं सुख सोफ्यात किंवा शीतपेयात नसतं, ते बाहेरची गर्दी बाहेर राहण्यात असतं. पण टाइमशेअर कंपनीचा धंदाच नवे सभासद करण्यावर चालतो. लाउंजचं चित्र दाखवून जितके सभासद केले जातील, तितकी लाउंजमधली गर्दी वाढते, आणि आधीच पैसे भरलेल्या माणसाला मिळणारी सोय तितकी आकसते. विमानतळावर हे आपण सगळ्यांनी अलीकडेच पाहिलं आहे. बँकांनी क्रेडिट कार्ड खपवायला विमानतळावरच्या लाउंजचा प्रवेश फुकट दिला, कार्डं लाखांनी वाढली, आणि मुंबई-दिल्लीच्या लाउंजबाहेर रांगा लागल्या. मग बँकांनी अटी घातल्या. एचडीएफसी बँकेने डिसेंबर २०२३ पासून रेगालिया कार्डावर तिमाहीत एक लाख रुपयांच्या खर्चाची अट आणली. आयसीआयसीआय बँकेने एप्रिल २०२४ पासून अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५ हजारांचा खर्च मागितला. कार्ड काढताना दिलेला शब्द कार्ड हातात असतानाच बदलला. कार्डाच्या बाबतीत निदान ग्राहक कार्ड कापून टाकू शकतो. पंचवीस वर्षांच्या सभासदत्वाचे पैसे आधीच भरून झालेले असतात.

हे पैसे किती, याचा हिशेब घरी कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. पुढचे आकडे कोणा एका कंपनीचे नाहीत, रीत कळावी म्हणून घेतले आहेत. समजा, पाच लाख रुपये भरून पंचवीस वर्षं दरवर्षी सात रात्रींचं सभासदत्व घेतलं. वार्षिक देखभाल वर्गणी पहिल्या वर्षी वीस हजार, आणि ती वर्षाला सहा टक्क्यांनी वाढते. पंचवीस वर्षांत नुसती वर्गणीच अकरा लाखांच्या जवळ जाते, म्हणजे मूळ रकमेच्या दुपटीहून जास्त. दोन्ही मिळून सोळा लाख, रात्री एकशे पंचाहत्तर. म्हणजे एकाही वर्षी सुट्टी न चुकवता रात्रीला नऊ हजारांहून अधिक. जेवण वेगळं, प्रवास वेगळा. शिवाय ते पाच लाख सात टक्क्यांनी पंचवीस वर्षं ठेवले असते तर सत्तावीस लाखांवर गेले असते, ही बाजू वेगळीच. विक्रीच्या टेबलावर बहुधा फक्त पाच लाखांचा भाग समोर असतो, तोही मासिक हप्त्यात कापून. वर्गणीचा उल्लेख येतो, पण ती दरवर्षी वाढत जाणार हे ठसवून कोणी सांगत नाही. आणि नेमक्या या ठिकाणी लाउंजसारखे फायदे कामाला येतात. हिशेब बरोबरीत सुटत नसला की पारडं झुकवण्यासाठी ज्यांची किंमत काढता येत नाही अशा गोष्टी त्यात टाकल्या जातात : राखीव खोली, वेगळी रांग, सोनेरी कार्ड, पाहुण्यांना फुकट पास.

आपल्याकडच्या उद्यानांत ही सोय वेगळ्या रूपात आहे, आणि ती तुलना उपयोगी आहे. माजिवड्याहून टिकुजिनी वाडी जवळ, घोडबंदर रस्त्यावर सूरज वॉटर पार्क, आणि मोठा बेत असेल तर खोपोलीजवळचं इमॅजिका, जे २०१३ साली सुरू झालं. इमॅजिकात रांग चुकवायची असेल तर त्यासाठी जास्त पैशांचं वेगळं तिकीट मिळतं. महाग आहे, आणि पैसेवाल्याने रांग चुकवावी का हा वादही रास्त आहे. पण त्या व्यवहारात एक प्रामाणिकपणा आहे. किंमत लिहिलेली असते, सोय त्याच दिवशी मिळते, मिळाली नाही तर त्याच संध्याकाळी भांडता येतं, आणि पुढच्या वर्षी नको असेल तर काही देणं लागत नाही. तीच सोय पंचवीस वर्षांच्या करारात गुंफली की तिची किंमत दिसेनाशी होते आणि जबाबदारी मात्र उरते.

महाराष्ट्राला याची किंमत एकदा फार मोठ्या प्रमाणावर मोजावी लागली आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्स या कंपनीने हॉटेलातल्या ‘रूम नाइट्स’ विकल्या. रात्री वापरा, नाही वापरल्या तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत मिळेल, असा तो प्रस्ताव होता. कंपनीच्या समूहाची हॉटेलं देशात आणि परदेशात होती, पुण्यात बाणेरला त्यांच्या क्लबच्या नावाने रस्ता आजही ओळखला जातो. ही हॉटेलं प्रत्यक्ष डोळ्यांना दिसत होती, म्हणून विश्वास बसला. छोट्या गावांतले शिक्षक, दुकानदार, निवृत्त कर्मचारी, आणि त्यांना सभासद करणारे त्यांचेच नातेवाईक-शेजारी यांच्यातून ही साखळी वाढली. सेबीने म्हटलं की हे सुट्टीचं सभासदत्व नसून विनापरवाना सामूहिक गुंतवणूक योजना आहे. जुलै २०१४ मध्ये नवे पैसे घ्यायला मनाई केली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सुमारे सात हजार कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. पैसे भरणाऱ्यांची संख्या पन्नास लाखांच्या घरात होती. आदेश निघाल्यावरही त्यांची वसुलीची वाट संपली नाही. सगळ्या टाइमशेअर कंपन्या अशा असतात असं सुचवणं अन्यायाचं होईल. नावाजलेल्या कंपन्यांची रिसॉर्ट खरी आहेत, चालू आहेत आणि हजारो कुटुंबं तिथे दरवर्षी जातात. पण पॅनकार्डचं प्रकरण एक गोष्ट शिकवतं : चांगली इमारत दिसणं आणि तिच्यावर आपला हक्क असणं यांत फरक आहे, आणि तो फरक ओळखायला लागणारी माहिती आपल्या व्यवस्थेत ग्राहकाच्या हातात आपोआप येत नाही.

घराच्या बाबतीत ती आता येते. रेरा कायदा महाराष्ट्रात मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला, आणि माजिवड्याच्या मनोऱ्यांमधलं क्लब हाउस त्याच्या कक्षेत आलं. प्रकल्पात देऊ केलेल्या सामाईक सुविधा कायद्याने सामाईक क्षेत्रात मोडतात. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून कोणी पैसे भरले, तर कलम १२ प्रमाणे भरपाई किंवा व्याजासह परतावा मागता येतो. मंजूर आराखड्यात आणि सामाईक क्षेत्रात मोठा बदल करायचा तर कलम १४ प्रमाणे दोन-तृतीयांश घरखरेदीदारांची लेखी संमती लागते. महारेराने २०२४ मध्ये त्यापुढे जाऊन सुविधांचा तपशील, आकार आणि त्या कधी वापरायला मिळतील त्याची तारीख करारातच लिहायला लावली. अंमलबजावणीत उणिवा आहेत, तक्रारी रखडतात, हे मान्य. तरीही बिल्डरने क्लब हाउस रद्द केलं तर माजिवड्याच्या रहिवाशाला कशाच्या आधारावर उभं राहायचं ते ठाऊक आहे. त्याच रहिवाशाने घेतलेल्या टाइमशेअरमधलं लाउंज उद्या बंद झालं, किंवा त्यावर नवी अट आली, तर त्याच्याकडे दाखवायला बहुधा विक्रेत्याच्या तोंडच्या शब्दांपलीकडे काही नसतं. भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदाच नाही.

यावर कंपन्यांची बाजू अशी की फायदे लवचीक ठेवल्याशिवाय पंचवीस वर्षं कोणताही धंदा चालवता येणार नाही. आज लोकांना लाउंज हवं, दहा वर्षांनी दुसरंच काही हवं असेल, सगळं करारात गोठवलं तर नवं काही देताच येणार नाही. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच फायदे बदलूच नयेत अशी मागणी मी करत नाही. पण विक्रीच्या वेळी जे निश्चित म्हणून दाखवलं, ते करारात अनिश्चित म्हणून लिहायचं, ही लवचिकता एकतर्फी आहे. सभासदाची वर्गणी कुठे लवचीक असते? लाउंज बंद झाल्यामुळे ती कमी झाली, असं घडत नाही. दुसरा आक्षेप सभासदांकडूनच येतो आणि तो जास्त मनापासूनचा असतो : हिशेब काहीही सांगो, टाइमशेअर नसतं तर आम्ही वर्षानुवर्षं फिरायलाच गेलो नसतो, पैसे भरलेत म्हणून तरी घराबाहेर पडतो. ज्या कुटुंबाला ही शिस्त उपयोगी पडते, त्याच्यासाठी तो व्यवहार योग्यच आहे, आणि त्या समाधानाला आकड्यांनी खोटं ठरवता येत नाही. मात्र ते समाधान मिळतं खोलीमुळे, रिसॉर्टमुळे, म्हणजे करारात लिहिलेल्या हक्कामुळे. लाउंजमुळे नाही. तिसरा आक्षेप ‘सज्ञान माणसाने सही केली, आता तक्रार कसली’ हा. सही दोन-तीन तासांच्या सादरीकरणानंतर, आजच घेतलं तर सूट, उद्या नाही, अशा दडपणाखाली होते. माणसाची खरी संमती विचार करायला वेळ मिळाल्यावर कळते. युरोपीय संघाने २००८च्या निर्देशात नेमकी हीच जागा पकडली : करारानंतर चौदा दिवस कारण न देता माघार घेता येते आणि त्या काळात ग्राहकाकडून आगाऊ पैसा घेता येत नाही. कोणत्या सुविधा किमतीत धरल्या आहेत आणि कोणत्या नाहीत, तेही करारापूर्वी ठरावीक नमुन्यात लिहून द्यावं लागतं. फ्लोरिडात, जिथे डिस्नीची ही लाउंज-संस्कृती वाढली, तिथेही दहा दिवसांची माघार कायद्याने मिळते.

आपल्याकडे असा कायदा व्हायला हवा आणि तो करणं अवघड नाही. महारेराने क्लब हाउससाठी जो सुविधांचा तक्ता बंधनकारक केला, तसाच टाइमशेअरच्या प्रत्येक कराराला जोडला जावा : कोणती सोय हक्काची, कोणती मर्जीची, दुसऱ्याला विकल्यास यातलं काय जाईल, आणि वर्गणी कोणत्या सूत्राने वाढेल. चौदा दिवसांत एक रुपयाही न कापता माघार मिळावी. तोपर्यंत ज्यांना सभासदत्व घ्यायचं आहे त्यांनी विक्रेत्याकडे एकच मागणी करावी : तोंडी सांगितलेला प्रत्येक फायदा कंपनीच्या ई-मेलवर लिहून द्या. जो लिहून मिळणार नाही, त्याची किंमत शून्य धरून हिशेब करावा, आणि तरीही व्यवहार परवडत असेल तर खुशाल घ्यावा. त्या संध्याकाळी सही करू नये, सूट गेली तरी.

ज्यांनी आधीच सही केली आहे आणि फसवणूक झाली असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकतो, म्हणजे माजिवडेकराला ठाण्यातच. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.